घणसोली स्टेशन ते महापे: चार-पाच कंपन्यांनी मिळून शटल कशी लावावी

नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत मुलाखतीला आलेली मुलगी पगाराचं बोलायच्या आधी एक गोष्ट हमखास विचारते: "मॅडम, स्टेशनपासून गाडी आहे का?" मी इथल्या एका छोट्या कंपनीत ॲडमिन बघते. मोठ्या आयटी पार्कवाल्यांच्या स्वतःच्या बसेस असतात. आमच्यासारख्या तीस-चाळीस माणसांच्या युनिटला अख्खी गाडी परवडत नाही, म्हणून "नाही" म्हणावं लागतं आणि चांगली माणसं हातची जातात. पण एका गल्लीत अशी चार-पाच युनिटं असतातच. त्या सगळ्यांनी मिळून एक गाडी लावली तर ती परवडते, हे आम्ही करून बघितलं आहे. रबाळे, पावणे, ठाण्याची वागळे इस्टेट इथल्या ओळखीच्या ॲडमिनवाल्यांनी "नेमकं कसं केलं" म्हणून विचारलं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जागा समजून घ्या, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लाइन २००४ साली सुरू झाली. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही तिच्यावरची स्टेशनं. रूळ आणि ठाणे-बेलापूर रस्ता बराच काळ शेजारीशेजारी धावतात. पश्चिमेला घरं, पूर्वेला पारसिकच्या डोंगरापर्यंत कारखाने. म्हणजे लोकलने माणूस कंपनीच्या अगदी जवळ येतो, आणि मग शेवटचे दोन-तीन किलोमीटर त्याचा जीव खातात. वाटेत हायवेसारखा रुंद रस्ता ओलांडायचा, पुढे कंटेनर आणि ट्रेलर उभे असलेल्या गल्ल्या, फूटपाथ असला तरी त्यावर माल उतरवलेला. एप्रिलमध्ये चालत या, नाहीतर जुलैमध्ये. दोन्ही वेळा माणूस कामाला लागायच्या आधीच थकलेला असतो.

आधी माणसं मोजा, गाडी नंतर

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. साहेब म्हणतात, "ट्रान्सपोर्टरकडून कोटेशन मागवा." कोटेशन येतं, आकडा बघून सगळे गप्प होतात, विषय संपतो. कोटेशन अगदी शेवटी मागवायचं.

पहिल्यांदा एक कागद करा. गूगल फॉर्म चालेल, पण शॉपफ्लोअरवरची आणि हाउसकीपिंगची माणसं फॉर्म भरत नाहीत, त्यांच्यासाठी कागदच बरा. हीच माणसं शटलला सर्वात जास्त बसतात, त्यांना वगळून केलेली मोजणी फुकट आहे. कागदावर चारच गोष्टी हव्यात: कोणत्या स्टेशनला उतरता, कोणत्या बाजूने येता (ठाण्याकडून की वाशी-नेरुळ-पनवेलकडून), रोज साधारण कोणती लोकल पकडता, आणि गेटवर किती वाजता पोचायचं असतं. घरचा पत्ता विचारू नका. त्याची गरज नाही, आणि पत्ता विचारला की बायका फॉर्म अर्धवट सोडतात.

"शटल सुरू झाली तर वापराल का?" हा प्रश्न तर मुळीच घालू नका. त्याला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी विचारा, "सध्या स्टेशनपासून कसे येता?" जो आज शेअर रिक्षाने येतो, तो तुमचा पक्का प्रवासी. चालत येणाराही बऱ्यापैकी पक्का. बाइकवाला बाइक सोडणार नाही, निदान पावसाळा लागेपर्यंत नाही. डोंबिवली-कल्याणहून शिळफाट्यामार्गे थेट बसने येणाऱ्याला तर स्टेशनची शटल उपयोगाचीच नाही, त्याला मोजू नका.

हा कागद शेजारच्या कंपन्यांना द्या. आमच्याकडे मी दुपारी जेवणानंतर एकेका गेटवर गेले आणि सिक्युरिटीला म्हटलं, ॲडमिनला भेटायचं आहे. फोनवर किंवा मेलवर हे काम होत नाही. समोर बसल्यावर मात्र प्रत्येकजण म्हणतो, "अहो, आमच्याकडेही हाच प्रॉब्लेम आहे." ओळखी नसतील तर ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटनेतून सुरुवात करा, गल्लीतल्या कोणत्या युनिटमध्ये कोणाशी बोलायचं ते तिथून कळतं.

ऑफिसची वेळ सोडा, लोकलची वेळ धरा

माझा सगळ्यात जास्त आग्रह या गोष्टीसाठी आहे. "ऑफिस साडेनऊला, म्हणून शटल सव्वानऊला" असं ठरवणारी शटल बंद पडते. कारण माणूस घणसोलीला सव्वानऊला उतरत नाही, तो त्याची लोकल येईल तेव्हा उतरतो. लोकल आठ चाळीसला आली आणि शटल नऊला असेल तर तो वीस मिनिटं उभा राहणार नाही, शेअर रिक्षात बसून मोकळा होईल. दोन दिवस असं झालं की तिसऱ्या दिवशी तो शटलकडे बघतही नाही.

म्हणून मोजणीच्या कागदावरून दोन ढीग करा: ठाण्याकडून येणारे आणि वाशीकडून येणारे. आमच्याकडे ठाण्याचा ढीग मोठा निघाला. कल्याण, डोंबिवली, मुलुंड, भांडुप, कळवा, सगळे ठाण्याला येऊन ट्रान्सहार्बर पकडतात. मग एम-इंडिकेटर ॲपवर ठाण्याहून सुटणाऱ्या गाड्यांच्या घणसोलीच्या वेळा काढल्या आणि लोक ज्या गाड्यांत जास्त होते, त्या गाड्यांना शटल जोडली. वाशीकडच्या गाड्या त्यात जमतील तशा बसवल्या. दोन्ही बाजू सारख्या धरायला गेलात तर दोघांचीही पंचाईत होते.

आता लोकल पोचल्यावर किती मिनिटांनी शटल सोडायची? हे टेबलावर बसून कळत नाही. एका सकाळी प्लॅटफॉर्मवर उभं राहा. गाडी थांबते, पहिल्या अर्ध्या मिनिटात धावणारी तरुण मुलं जिन्यापर्यंत पोचतात. त्यांच्या मागे मोठा लोंढा. लोंढा सरला की मग हळू चालणारी माणसं येतात: गुडघे दुखणाऱ्या मावशी, दोन पिशव्या घेतलेली कॅन्टीनवाली बाई, कडेने कठडा धरून उतरणारे आमचे स्टोअरचे काका. शटल काकांसाठी थांबली पाहिजे, पहिल्या मुलासाठी नाही. गाडीचं दार उघडल्यापासून काका शटलच्या पायरीशी पोचेपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा आणि त्यात एक मिनिट वाढवा. आमच्याकडे तो आकडा सहावर आला. लोकल उशिरा असेल तर ड्रायव्हरने किती थांबायचं, तेही आधीच ठरवा. आम्ही पाच मिनिटं ठरवली. त्यापुढे थांबलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या ढासळतात.

एका गाडीत किती माणसं बसतात याचा हिशोब

समजा स्टेशन ते गल्लीच्या टोकापर्यंत तीन किलोमीटर. सकाळच्या गर्दीत सिग्नल आणि वळसे धरून जायला बारा मिनिटं, यायला बारा, दोन्ही टोकांना चढ-उतारासाठी तीन-तीन मिनिटं. म्हणजे गाडीचा एक फेरा तीस मिनिटांचा. एक गाडी असेल तर दर अर्ध्या तासाने शटल, दोन असतील तर दर पाव तासाने. फेऱ्याचा वेळ भागिले गाड्यांची संख्या, इतकं सोपं आहे. पण फेऱ्याचा वेळ गूगल मॅपवरून घेऊ नका. ज्या वेळी शटल चालणार त्याच वेळी, त्याच रस्त्याने, टेम्पो ट्रॅव्हलरच्या वेगाने जाऊन मोजा. रिक्षा ज्या फटीतून निघते तिथून ट्रॅव्हलर निघत नाही.

वीस सीटची गाडी, सकाळी तीन फेऱ्या, म्हणजे साठ माणसं असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात पहिली फेरी अर्धी रिकामी आणि मधली ओसंडून असते. वीस सीटच्या तीन फेऱ्यांवर पंचेचाळीस-पन्नास माणसंच धरा. मधल्या फेरीला रोज उभं राहायची वेळ येत असेल तर मोठी गाडी घेण्याआधी एखाद्या कंपनीला विचारा, की तुमची वेळ पंधरा-वीस मिनिटं मागेपुढे होईल का. आमच्या गल्लीतल्या एका युनिटने सकाळची वेळ थोडी अलीकडे आणली आणि गर्दी आपोआप पांगली. गाडीचा खर्च एक रुपयाने वाढला नाही.

तेरा सीट की सतरा की वीस, हे ठरवताना अकाउंट्सला एक प्रश्न जरूर विचारा. ड्रायव्हर धरून तेरापेक्षा जास्त आसनांची गाडी भाड्याने घेतली तर तिच्यावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (म्हणजे भाड्यावर भरलेला कर कंपनीच्या स्वतःच्या करातून वळता करणं) मिळण्याचा मार्ग खुला असतो. त्यापेक्षा लहान गाडीवर ते सहसा अडवलेलं असतं. तुमच्या कंपनीला नेमकं काय लागू पडतं ते तुमचा सीए सांगेल, पण विचारायचं राहून जातं म्हणून लिहिलं.

परमिट आणि कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा वाटतो, तरी यात कसर ठेवू नका. गाडीत आपली माणसं बसणार आहेत.

ट्रान्सपोर्टरची पिवळ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने घेतली तर ती कॉन्ट्रॅक्ट कॅरेज परमिटवर चालते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार अशा गाडीला वाटेत थांबून सुटे प्रवासी घेणं आणि प्रत्येकाकडून वेगळं तिकीट घेणं चालत नाही. ते एसटी, बेस्ट, एनएमएमटी (नवी मुंबई महापालिकेची बससेवा) यांच्यासारख्या स्टेज कॅरेजचं काम. म्हणून गाडीत रोख पैशांचा व्यवहार अजिबात नको. ड्रायव्हरने "या, दहा रुपये द्या" म्हणून बाहेरचा माणूस बसवला तर गाडी अडकू शकते आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. कंपनीने स्वतःची गाडी विकत घेतली असेल तर तिचं परमिट वेगळं, प्रायव्हेट सर्व्हिस व्हेइकलचं. चार-पाच कंपन्यांनी मिळून करायचं असेल तर विकत घेण्याच्या फंदात पडू नका. मालकी कोणाच्या नावावर, यावरूनच वर्ष जाईल.

गाडी ठरवताना ट्रान्सपोर्टर चकचकीत गाडी दाखवतो आणि रोज दुसरीच पाठवतो. करारात गाडीचा नंबर लिहून घ्या. बदली गाडी पाठवायची झाली तर तिचाही नंबर आदल्या दिवशी कळवायचा, असंही लिहा. तो नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. फिटनेस, विमा आणि पीयूसीच्या तारखा तिथे दिसतात. नव्या गाडीला फिटनेस दोन-दोन वर्षांचा मिळतो, आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. ड्रायव्हरचं लायसन्स आणि बॅज स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ट्रॅकर आणि पॅनिक बटण बसवलेलं असतं, पण चालू आहे का ते दाबून पाहा. आग विझवण्याचा सिलिंडर सीटखाली कुठेतरी सापडतो, त्याची तारीख वाचा.

रात्रीचा विषय वेगळा आहे आणि त्यात शटल पुरत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना काम करायचं असेल तर त्यांची संमती हवी, आणि त्यांना घराच्या दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकाची आहे. "स्टेशनपर्यंत सोडतो की" हे उत्तर तिथे चालत नाही. शटलचं बजेट करताना रात्रीचा घरपोच ड्रॉप त्यात मिसळू नका, तो वेगळा लिहा. मिसळला की काटछाट करताना पहिला घाव त्याच्यावर पडतो.

पैसे कसे वाटायचे

पाच कंपन्या एकत्र आल्या की "समान वाटणी" हा शब्द निघतोच. समान वाटणी करू नका. साठ माणसांचं युनिट आणि बारा माणसांचं युनिट सारखे पैसे देणार नाहीत, तीन महिन्यांत छोटं युनिट बाहेर पडेल. माणशी वाटणी करा. समजा महिन्याचं भाडं डिझेल-ड्रायव्हरसकट ७२,००० रुपये आणि नियमित माणसं ६०. तर डोई १,२०० रुपये. मग तुलना मांडा. रिक्षाचं मीटर १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपयांनी पडतं आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. तीन किलोमीटरचे ५१ रुपये. रोज दोन वेळा, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एकट्या माणसाचे अडीच हजारांवर जातात. शेअर रिक्षा अर्थातच स्वस्त पडते, पण साहेबांसमोर दोन्ही आकडे ठेवा, नुसतं "सोय होईल" म्हणू नका.

करार एकाच कंपनीच्या नावावर ठेवा, बाकीच्यांनी तिला महिन्याच्या महिन्याला द्यायचे. ट्रान्सपोर्टरला पाच चेक पाहिजेत असं कधीच होऊ देऊ नका, कारण एक चेक अडला की गाडी अडते. करार वर्षाचा करा, पण त्यात एक महिन्याची नोटीस ठेवा. "महिन्याला इतके किलोमीटर, त्यापुढे जास्तीचा दर" हे कलम नीट वाचा. गॅरेजपासून स्टेशनपर्यंत रिकामी येणारी गाडी किलोमीटरमध्ये धरली आहे की नाही, तिथेच खरी गोम असते. ट्रान्सपोर्टरची गाडी ऐरोलीत लागत असेल आणि दुसऱ्याची पनवेलला, तर दोन कोटेशनमधला फरक बराचसा त्यातूनच येतो.

कर्मचाऱ्यांकडून पैसे घ्यावेत का? माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नयेत. हाउसकीपिंगच्या बाईला पाचशे रुपये फार मोठे असतात, आणि तिलाच गाडीची सगळ्यात जास्त गरज असते.

रिक्षावाल्यांशी आधी बोला

गाडी सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी मी आणि शेजारच्या युनिटचे ॲडमिन साहेब स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाच्या स्टँडवर गेलो. रांग लावून देणारे एक वयस्कर चालक होते. आम्ही सांगितलं, सकाळ-संध्याकाळ आमच्या माणसांसाठी गाडी येणार आहे.

"म्हणजे आमच्या पोटावर पाय," ते म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

शेजारचे साहेब म्हणाले, "काका, गाडीत फक्त आयकार्डवाली माणसं. बाहेरचा एकही माणूस बसणार नाही. आणि दुपारी गाडी नसते, तेव्हा सगळे तुमच्याकडेच येणार."

"उभी कुठे करणार?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी स्टँडच्या पुढे, झाडाखालची जागा हाताने दाखवली. तिथे गाडी उभी केली तर रिक्षांना वळायला जागा राहते. खरं तर आम्ही मनात योजलेल्या जागेपेक्षा ती बरी होती, तिथे सावली होती. मग त्यांनी एक विचारलं: "तुमची गाडी बंद पडली तर?" आम्ही सांगितलं की त्या दिवशी कंपनी रिक्षाचे पैसे देईल, आयकार्ड दाखवलं की झालं. त्यांचा चेहरा मोकळा झाला. गाडी पंक्चर झाली त्या सकाळी त्यांनीच स्टँडवरच्या रिक्षा एकामागोमाग एक लावून आमची माणसं पोचवली.

हे बोलणं टाळू नका. शटल आणि शेअर रिक्षा एकमेकींच्या वैरी नाहीत. अकरा वाजता डॉक्टरकडून परत येणारा माणूस, लवकर निघणारा माणूस, व्हेंडरकडचा पाहुणा, हे सगळे रिक्षानेच येणार.

संध्याकाळ सकाळपेक्षा अवघड

सकाळी सगळे एका दिशेने, ठरावीक वेळेत येतात. संध्याकाळी कोणी साडेपाचला सुटतो, कोणी सहाला, कोणाला साहेब सात वाजता "एक मिनिट जरा" म्हणून बसवून घेतात. म्हणून संध्याकाळी लोकलचा हिशोब सोडा आणि घड्याळ धरा. गल्लीतून दर तासाला पूर्ण आणि तीसला गाडी सुटते, बस. साडेपाच, सहा, साडेसहा, सात, साडेसात. कुणालाही वेळापत्रक बघावं लागत नाही, आणि पाठ झालेलं वेळापत्रक लोक वापरतात. पाच पस्तीस, सहा दहा, सहा अठ्ठेचाळीस असल्या वेळा कागदावर कितीही बरोबर असल्या तरी चालत नाहीत.

शेवटची फेरी गरजेपेक्षा एक पायरी उशिराची ठेवा. त्या फेरीत तीनच माणसं असतात, आणि अकाउंट्सवाले दर महिन्याला तिच्यावर बोट ठेवतात. काढू नका. शेवटची गाडी आहे या भरवशावर बाकीचे लोक सकाळची गाडी वापरतात. तरीही ती चुकली, तर त्या माणसाचं रिक्षाचं बिल कंपनीने द्यायचं, असा लेखी नियम करा आणि तो नोटीस बोर्डवर लावा. फार कमी वेळा ते बिल येतं, पण तो कागद लावलेला असणं महत्त्वाचं.

ड्रायव्हर

सकाळी सातला गाडी काढणारा माणूस रात्री शेवटच्या फेरीपर्यंत बांधलेला असतो. मधले पाच-सहा तास तो काय करतो, कुठे बसतो, हे करारात कुणी विचारत नाही. त्याला बसायला पंखा असलेली जागा द्या. टॉयलेट वापरू द्या. कॅन्टीनच्या जेवणात त्याचं एक ताट धरा. ट्रान्सपोर्टरला स्पष्ट सांगा की दुपारी दुसऱ्या ड्यूटीला पाठवून संध्याकाळी थकलेला माणूस आम्हाला नको. गाडी दुसरीकडे लावायची असेल तर लाव, पण संध्याकाळी ड्रायव्हर बदल. हे बोलायला आम्हाला दोन बैठका लागल्या आणि थोडं भाडं वाढलं. ते वाढलेलं भाडं मी कधीही द्यायला तयार आहे.

ड्रायव्हरला फोनवर सतत "कुठे पोचलात" विचारणं बंद करायला हवं, कारण तो गाडी चालवत फोन उचलतो. त्यावर उपाय सोपा आहे. सकाळी गाडी काढताना त्याने शटलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन टाकायचं, संध्याकाळी पुन्हा. ग्रुपवर फक्त ॲडमिन आणि ड्रायव्हर लिहू शकतील असं सेटिंग ठेवा, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली "आज गाडी दहा मिनिटं उशिरा" हा मेसेज बुडतो.

आणि ट्रिपशीट कागदाची ठेवा. तारीख, फेरी, लोकल आली ती वेळ, शटल सुटली ती वेळ, माणसं किती. ड्रायव्हरने माणसं मोजायची नाहीत. पुढच्या सीटवर बसणारा शेवटचा प्रवासी आकडा लिहून सही करतो. बसणाऱ्यांची नावंही कंपन्यांकडे असू द्या. कंपनीच्या गाडीत जाता-येता झालेला अपघात कामावरचाच धरण्याची तरतूद कामगार विम्याच्या कायद्यात आहे, आणि अशा वेळी तो माणूस गाडीत होता हे दाखवावं लागतं.

पहिले महिने

पहिल्या आठवड्यात गाडी रिकामी धावेल. घाबरू नका आणि फेऱ्या कमी करू नका. लोक आधी बघतात, गाडी रोज येते का ते तपासतात, मग रिक्षाची सवय सोडतात. फेऱ्या कमी केल्या की माणसं आणखी कमी होतात आणि मग "बघा, कोणी वापरतच नाही" हे सिद्धच होतं. तीन महिने काहीही बदलू नका, फक्त ट्रिपशीट भरत राहा. त्यात जुलै-ऑगस्ट आला तर उत्तम. पावसात फेऱ्याचा वेळ किती वाढतो ते कळतं, आणि पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक लागतं का तेही कळतं. रविवारी काम चालणारं युनिट तुमच्यात असेल तर ट्रान्सहार्बरचा मेगाब्लॉक शनिवारीच बघून ग्रुपवर टाका.

थांबे कमीत कमी ठेवा. प्रत्येक गेटसमोर थांबायचा आग्रह होईल, खास करून ज्यांचा वाटा मोठा त्यांचा. गल्लीत तीन थांबे पुरतात. प्रत्येक थांबा एक-दीड मिनिट खातो आणि शेवटच्या गेटवरच्या माणसाला वाटतं आपण चालत लवकर पोचलो असतो. थांब्यावर डोक्यावर पत्रा आणि रात्री दिवा हवा. शेड नसेल तर एखाद्या कंपनीच्या गेटच्या आत, सिक्युरिटी केबिनपाशी उभं राहू द्या. बायकांना त्याचा फार आधार वाटतो, हे मला त्यांनीच सांगितलं.

तुमची गल्ली दुसरीकडे असेल तर हाच हिशोब तिथल्या स्टेशनला लावा. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तळोजा एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांना पेंधरहून गाडी लावता येते. अंधेरीच्या सीप्झ आणि मरोळकडे ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ ची स्टेशनं आहेत, तिथे तर अंतर इतकं कमी झालं आहे की काही कंपन्यांना शटलपेक्षा चांगला फूटपाथ मागणं जास्त उपयोगी पडेल. स्टेशनपासून एक किलोमीटरच्या आत असाल तर आधी तेच मागा.

सहा महिन्यांच्या ट्रिपशीटवरून एक पानाचा तक्ता करा: कोणत्या वेळेला किती माणसं, कोणत्या थांब्यावरून, पाचही कंपन्या मिळून. तो घेऊन एनएमएमटीच्या वाहतूक विभागात जा. "बस सुरू करा" एवढंच लिहिलेलं पत्र फाइलमध्ये जातं. "सकाळी ८.१० ते ९.४० या वेळेत घणसोली स्टेशन पूर्व ते महापे इलेक्ट्रॉनिक झोन या मार्गावर रोज इतके प्रवासी, सोबत दैनंदिन नोंदी" असं लिहिलेल्या पत्रावर निदान चर्चा होते. पत्रावर सगळ्या कंपन्यांचे शिक्के घ्या, आणि असोसिएशनचं शिफारसपत्र जोडा. बस सुरू झाली तर सकाळची एक फेरी बंद करून तो पैसा संध्याकाळच्या शेवटच्या फेरीकडे वळवा. पोच घ्यायला विसरू नका, आवक क्रमांक लागतो.